चंपा, आमची डॉबरमन: मुलुंडच्या बैठ्या घरातला अनुभव

राखणीला कुठला कुत्रा घ्यावा हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, कारण आमच्या दारात डॉबरमन दिसते. नाव चंपा. हो, चंपाच. सासूबाईंनी ठेवलंय आणि त्यांच्यापुढे आमचं काही चालत नाही.

मुलुंड कॉलनीत डोंगराच्या पायथ्याला आमचं बैठं घर. मी बेस्टच्या डेपोत रात्रपाळीला, घरात सौ. आणि सासूबाई दोघीच. आम्हाला चावरा कुत्रा नको होता, कोणी आलंय हे वेळेवर सांगणारा हवा होता. डिलिव्हरीवाल्या पोराचा लचका तोडला तर दवाखाना आणि पोलीस चौकी दोन्ही आपल्याच गळ्यात.

त्या बाबतीत चंपा चोख. दूधवाल्याकडे ती मान वर करूनही बघत नाही. अनोळखी माणूस फाटकाशी आला की आधी कान टवकारते, मग घशातल्या घशात गुरगुरते, आणि सौ. उठून निघाली की बरोबर तिच्या आणि दाराच्या मध्ये आडवी उभी राहते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. जर्मनीतल्या आपोल्डा गावात डोबरमान नावाच्या करवसुली करणाऱ्या माणसाने एकोणिसाव्या शतकात स्वतःच्या रक्षणासाठी ही जात घडवली असं सांगतात, तेव्हा ते रक्तातच असणार. गेल्या पावसाळ्यात कोणीतरी एसीचा तांब्याचा पाइप काढायला मागच्या भिंतीवरून चढलं. चंपा अशी काही उसळली की पत्र्यावरून पळणारे पाय शेजाऱ्यांनीही ऐकले. पक्कड आमच्याकडेच राहिली, अजून वापरतो.

आता तोटे. हिला एकटं राहणं जमत नाही, मोरीच्या दारापर्यंत मागे मागे येते. दिवसभर साखळीला बांधलीत तर चिडकी होणार. सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत पळवावी लागते, पावसातही सुटी नाही. आखूड केसांमुळे मुंबईचा उकाडा सोसते, गोचीडही चटकन सापडते, पण जानेवारीत डोंगराचा गारठा उतरला की कुडकुडते. सासूबाईंची जुनी शाल आता तिचीच. शिवाय या जातीत हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार बराच आढळतो, म्हणून हृदयाची तपासणी टाळत नाही. आम्ही परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेतो. रेबीजच्या लशीबरोबर लेप्टोचीही न चुकता द्या, आपल्याकडे उंदीर आणि तुंबलेलं पाणी दोन्ही मुबलक. पालिकेचा परवाना काढावा लागतो, तोही काढून ठेवा.

बाकीच्या जातींपैकी जर्मन शेफर्ड शिकायला हुशार, दिसायला रुबाबदार. पण अंगावर केसांचा दुहेरी थर. भांडुपच्या मेहुण्याचा ब्रूनो मे महिन्यात लादीवरून उठत नाही, राखण कसली करणार! कंबरेच्या सांध्याचं दुखणंही या जातीत फार. रॉटवायलरचं म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये केंद्राने ज्या २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, त्यांत तो होता. कर्नाटक हायकोर्टाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. कायदा राहू द्या बाजूला, ५० किलोचा कुत्रा ओढ घ्यायला लागला तर साखळी कोण धरणार ते आधी ठरवा. आमच्या सौ.च्याने ते होणार नाही. कारवानी काटक, ऊन सोसणारा, पण मांजर दिसली की भिंत ओलांडून गेलाच म्हणून समजा. त्याला मोकळं रान पाहिजे. लॅब्रॅडॉर गुणी बाळ, राखणीत त्याचं नाव काढू नका.

आणि नुसती जाग हवी असेल तर पैसे घालवूच नका, गावठी पिल्लू पाळा. आमच्या गल्लीतला काळू चंपाच्याही आधी भुंकतो आणि आजारी पडलेला मी तरी पाहिला नाही.

पिल्लू विकत घेणारच असाल तर विक्रेता नीट पारखा. एकाने आम्हाला पाच आठवड्यांचं पिल्लू हातात दिलं, 'आत्ताच न्या, लळा लवकर लागतो' म्हणे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही. आई दाखवा म्हटलं, तर ती गावाला गेलेली! तिथून निघालोच. चंपा ज्यांच्याकडून आणली त्यांनी आईला समोर आणून बसवलं. ती भुंकली नाही, पण आम्ही निघेपर्यंत आमच्यावरची नजर हलवली नाही. तिथेच ठरलं. कान कापून उभे करून देऊ का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. लोंबत्या कानांनी चंपाला फाटकाची कडी हललेलीही कळते.

आमच्यासारखे डोंगराला लागून राहत असाल तर रात्री कुत्रा अंगणात बांधू नका. नॅशनल पार्कातल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, आणि साखळीला बांधलेल्याला पळताही येत नाही. चंपा दाराच्या आत झोपते, तिथूनही राखण होते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या पळवण्यापायी. रात्रपाळी करून आल्यावर सकाळी सहाला हिला टेकडीच्या रस्त्याने धावडवायची म्हणजे जिवावर येतं, आणि एक दिवस चुकवला की दुपारपर्यंत एक तरी चप्पल गेलेली असते.