पीजीबाउन्सर: त्याच आठ कोअरवर सकाळचं संकलन

पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर सकाळी धापा टाकतो आणि दुपारी रिकामा बसतो, अशी तुमची गत असेल तर मोठं मशीन घेण्याआधी पीजीबाउन्सर हा त्याची कनेक्शनं वाटून देणारा प्रोग्राम लावून बघा. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाचा डेटाबेस सांभाळते. आमच्याकडे हे वर्षभराहून जास्त चालू आहे आणि आता ते काढायचा विचारही मनात येत नाही.

आमचं काम वेळेला बांधलेलं आहे. पहाटे साडेपाच ते आठ गावोगावच्या केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांच्या नोंदी येतात, संध्याकाळी परत तेच. मधल्या वेळेत सामसूम. दूध काट्यावर चढतं, फॅट मशीनवर आकडा येतो, आणि पावतीला चार-पाच सेकंद लागले तरी मागे कॅन घेऊन माणसं खोळंबतात. मग केंद्राच्या सचिवांचा फोन ठरलेलाच: "मॅडम, पावती निघंना झालीया."

सर्व्हर आठ कोअरचा (म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळणारा), ३२ जीबी रॅमचा. संकलन, बिलं, पशुखाद्याची उधारी आणि उत्पादकांचं मोबाइल ॲप असे चार प्रोग्राम, प्रत्येकाच्या सात-आठ प्रती, आणि प्रत्येक प्रत दहा कनेक्शन धरून बसलेली. बेरीज तीनशेच्या घरात जाते. पोस्टग्रेस दर कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस उघडतो. म्हणूनच त्यात कनेक्शनची मूळ मर्यादा १०० आहे. आमच्याकडे ती कधीतरी ५०० करून ठेवली होती. सकाळी ही सगळी एकदम जागी झाली की आठ कोअरवर तीनशे प्रोसेस झोंबायच्या. काम थोडं, एकमेकींनी डेटावर लावलेल्या तात्पुरत्या कुलपांवर, म्हणजे लॉकवर, ताटकळणंच जास्त. सर्व्हर पुरवणाऱ्यांनी एकच उपाय सांगितला, सोळा कोअर घ्या. दिवसातून चार-पाच तासांसाठी दुप्पट भाडं बारा महिने भरायचं, आणि तो पैसा शेवटी उत्पादकाच्या लिटरमागच्या दरातूनच जाणार. मला ते पटलं नाही.

पीजीबाउन्सर हा २००७ साली स्काइपमध्ये तयार झालेला छोटा प्रोग्राम, फुकट आणि मुक्त. तो ॲप आणि पोस्टग्रेसच्या मधे बसतो, ५४३२ ऐवजी ६४३२ पोर्टवर. ॲपला वाटतं आपण पोस्टग्रेसशीच बोलतोय. एका क्लायंट कनेक्शनला त्याला साधारण दोन केबी मेमरी पुरते, त्यामुळे तीनशे काय, हजारही तो सांभाळतो. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये पोस्टग्रेसचं खरं कनेक्शन तो फक्त व्यवहार (ट्रान्झॅक्शन) चालू असेपर्यंत देतो, कमिट झालं, म्हणजे व्यवहार पक्का झाला, की काढून घेऊन पुढच्याला देतो. केंद्रावर काटा एकच असतो आणि गाव रांगेत उभं राहतं, म्हणूनच दूध लवकर उरकतं, इथेही तेच.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते सांगते. डिफॉल्ट पूल साइझ, म्हणजे खऱ्या कनेक्शनांच्या संचाची मूळ मर्यादा, २० असते, पण ती प्रत्येक यूझर आणि डेटाबेसच्या जोडीला वेगळी लागते. चार प्रोग्रामांचे चार यूझर असतील तर २० चे ८० होतात, हे पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. आम्ही एकाच डेटाबेससाठी चार वेगळ्या नोंदी केल्या आणि वाटणी स्वतः ठरवली: संकलनाला १४, ॲपला ४, पशुखाद्याला ३, बिलांना ३. एकूण २४. सकाळी कुणी ॲपवर महिन्याचा हिशेब उघडला तर त्याला क्षणभर थांबावं लागेल, पण त्यापायी पावती अडत नाही. ही वाटणी मला या साधनाची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सोळा कोअर घेऊनही ती मिळाली नसती.

आकडा नेमका किती ठेवायचा हे त्याच्याच आकडेवारीवरून कळतं. 'शो स्टॅट्स' ही आज्ञा दिली की रांगेतला सरासरी वेळ आणि क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) सरासरी वेळ वेगवेगळा दिसतो, मायक्रोसेकंदांत. एकूण ४० कनेक्शन दिली तेव्हा रांग संपली, पण प्रत्येक क्वेरी मंदावली आणि पावती उलट उशिरा निघू लागली. २४ वर दोन्हींची बेरीज सर्वांत कमी आली. रांग वाढतेय पण क्वेरी वेगात असेल तर पूल थोडा वाढवा. क्वेरीच रेंगाळत असेल तर पूलला हात लावू नका, क्वेरी दुरुस्त करा. आमच्याकडे फॅट-एसएनएफच्या दरपत्रकावर योग्य इंडेक्स (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नव्हता, तो असाच सापडला. आता ऐन गर्दीतही पावती सेकंदाच्या आत निघते, त्याच आठ कोअरवर.

उणिवाही आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनभर, म्हणजे ॲप जोडलेलं असेपर्यंत, टिकणारं काहीही धोक्याचं. एका रिपोर्टने 'सेट' वापरून स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरीची वेळमर्यादा) शून्य, म्हणजे बंद, केला की ते कनेक्शन तसंच दुसऱ्याच्या हाती जातं. तिथे त्या व्यवहारापुरतंच टिकणारं 'सेट लोकल'च हवं. सेशनचा ॲडव्हायझरी लॉक (प्रोग्रामने स्वतः मागून घेतलेला लॉक) एका कनेक्शनवर लागतो आणि सोडायची आज्ञा दुसऱ्यावर जाऊ शकते. दहा दिवसांची बिलं अशाच लॉकवर चालतात, म्हणून त्यांची नोंद आम्ही सेशन मोडमध्ये ठेवली, तिथे ॲप सुटेपर्यंत कनेक्शन त्याच्याकडेच राहतं. तुमच्या प्रोग्रामरनी टेम्पररी टेबलं, 'लिसन' (डेटाबेसकडून सूचना ऐकत राहण्याची आज्ञा), असले लॉक कुठे कुठे वापरलेत हे आधी शोधा. ते शोधकाम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही.

शिवाय एक पीजीबाउन्सर एकच कोअर वापरतो. आम्हाला तेवढं पुरतं, फार मोठ्या पसाऱ्याला एकाच पोर्टवर दोन-तीन चालवावे लागतील. आणि रांगेत थांबण्याची मूळ मर्यादा १२० सेकंद आहे. काट्यासमोर उभ्या माणसाला दोन मिनिटं म्हणजे काय, ते विचारा. आम्ही ती १५ केली.

'पॉज' या आज्ञेबद्दल मात्र मनापासून कौतुक. पोस्टग्रेसची किरकोळ आवृत्ती बदलायची असली की भरदुपारी 'पॉज' द्यायचं. चालू व्यवहार पूर्ण होतात, नवे रांगेत थांबतात. पोस्टग्रेस रीस्टार्ट करून 'रिझ्यूम' दिलं की सगळं पुढे सुरू, आणि हे त्या १५ सेकंदांच्या आत उरकलं तर ॲपला एकही एरर दिसत नाही. फक्त सेशन मोडवाले आधी बंद करा, नाहीतर ते सुटेपर्यंत 'पॉज' अडकून राहतं.

घेताना १.२१ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये चालायला २०२३ च्या त्या आवृत्तीपासून लागली. त्याआधी जावाच्या ड्रायव्हरमध्ये ती बंद ठेवावी लागत. जुन्या लिनक्सबरोबर मागची आवृत्ती येते, तेव्हा पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भांडारातून उतरवा. आणि तुमचाही दूध संघ असेल तर १, ११ आणि २१ तारीख सोडून लावा. त्या दिवशी बिलं निघत असतात.