हात दाबला आणि मी डगमगले

मी बिब, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा नंबर, आणायला गेले होते. बाकी काही घ्यायचं डोक्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी हाफ मॅरेथॉन होती आणि डावी टाच दोन महिन्यांपासून दुखत होती. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकवलं की सुई टोचल्यासारखं व्हायचं, दहा-वीस पावलं चाललं की कमी व्हायचं. पळणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. बिबच्या रांगेतून बाहेर पडताना मी थोडी लंगडत असणार, कारण शेजारच्या स्टॉलवरच्या माणसाने तेवढंच हेरलं. "मॅडम, टाच ना? डावी?"

एवढ्यावरच मी अर्धी त्याची झाले होते.

त्याने बूट काढायला लावले, एका पायावर उभं केलं, हात बाजूला सरळ धरायला सांगितला आणि मनगटावर दोन बोटांनी दाबलं. मी धाडकन एका बाजूला कलंडले. मग त्याने पायाखाली निळे इनसोल, म्हणजे बुटात घालायच्या पातळ गाद्या, सरकवले, पुन्हा तसंच उभं केलं, पुन्हा दाबलं. आता मी खांबासारखी उभी. त्याने जोर लावल्यासारखा चेहरा केला, कपाळावर आठ्या आणल्या, तरी मी हलले नाही. आजूबाजूला जमलेल्या चार-पाच जणांनी चक्क टाळ्या वाजवल्या. चार वर्षं पळणारी, घड्याळात पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघून हिशेब मांडणारी बाई मी, पण त्या क्षणी स्वतःच्या शरीराने दिलेल्या साक्षीपुढे माझं डोकं चाललंच नाही.

ही युक्ती आधी सांगून टाकते, कारण बाकी सगळा डोलारा तिच्यावरच उभा होता. पहिल्या वेळी दाबणारा हात खाली आणि किंचित बाहेर ओढतो. वजन पावलाच्या बाहेर गेलं की माणूस पडणारच. दुसऱ्या वेळी तोच हात खाली आणि किंचित आत, शरीराच्या दिशेने ढकलतो. जोर पावलाकडे उतरतो आणि तुम्ही घट्ट उभे राहता. दोन्हीतला फरक बघणाऱ्याला कळत नाही, दाबून घेणाऱ्यालाही नाही. शिवाय दुसऱ्या वेळी काय होणार हे ठाऊक असल्यामुळे आपण नकळत अंग ताठ करतो. मनगटात घालायच्या 'शक्ती देणाऱ्या' रबरी पट्ट्या याच खेळावर जगभर खपल्या. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात त्या विकणाऱ्यांना जाहीर कबूल करावं लागलं की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय आधार नाही. हे सगळं मला नंतर कळलं. कळल्यावर मी लेकीला हॉलमध्ये उभं केलं, आधी पाडलं, मग पायाखाली घडी केलेलं वर्तमानपत्र ठेवून 'स्थिर' केलं. तिसऱ्या प्रयत्नात मला ते इतकं छान जमलं की ती म्हणाली, "आई, वर्तमानपत्रात काय आहे?"

स्टॉलवर मात्र वर्तमानपत्र नव्हतं, रंगीत पडदा होता. दाबाची चटई, तिच्यावर उभं राहिलं की पडद्यावर पावलाचे ठसे, टाच आणि चवडा लालभडक. "हे लाल दिसतंय ना, इथे डॅमेज सुरू झालंय." खरं तर उभ्या माणसाचं वजन टाचेवर आणि चवड्यावरच जास्त पडतं, त्यामुळे तिथे लाल सगळ्यांचंच येतं. मग ट्रेडमिलवर अर्धा मिनिट पळवून मागून व्हिडिओ काढला. तो थांबवून घोट्यावर रेघ मारली आणि म्हणाला, "ओव्हरप्रोनेशन. असंच पळत राहिलात तर दोन वर्षांत गुडघा जाणार."

पाऊल टेकल्यावर घोटा थोडा आत कलणं हा दोष नव्हे. धक्का पचवायची शरीराची ती रीतच आहे. बरं, पावलाचा ठसा बघून बूट ठरवले तर दुखापती कमी होतात का, हे अमेरिकेच्या लष्करात भरती झालेल्या नव्या जवानांवर तपासून झालं आहे. आधी भूदलात, मग मरीन आणि हवाई दलात. निम्म्यांना कमानीच्या उंचीप्रमाणे बूट दिले, निम्म्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 2010 पर्यंत हे सगळं छापूनही आलं होतं. मी मात्र 'गुडघा जाणार' या दोन शब्दांनी घाबरून खुर्चीत बसले होते.

पॅकेजमध्ये चार गोष्टी होत्या. माझ्या पावलाच्या थ्रीडी स्कॅनवरून बनणारे इनसोल, 'नैसर्गिक' झिरो ड्रॉपचे बूट, सोळा आठवड्यांचा फुल मॅरेथॉनचा वैयक्तिक प्लॅन आणि एक कोच, जो रोज मेसेजवर असणार होता. तेवढ्या पैशांत माझ्या नेहमीच्या बुटांच्या चार जोड्या आल्या असत्या. 'आजच्या पुरती' सवलत होती, अर्थातच. फॉर्मवर सही केली तेव्हा बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलं नाही.

बूट घरी आल्यावर पहिली शंका आली होती, ती मी गिळली. बऱ्याच रनिंग शूजच्या जिभेच्या आत लेबल असतं, त्यावर साइजबरोबर उत्पादनाची तारीखही छापलेली असते. माझ्या जोडीतली दोन्ही लेबलं कापलेली होती. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, रनरना टोचतं म्हणून आम्हीच काढतो." मिडसोल, म्हणजे तळव्याखालचा फोमचा थर, अंगठ्याने दाबून बघितला तर लाकडासारखा. फोम वर्षानुवर्षं पडून राहिला की न वापरताही कडक होतो. सोलच्या कडेला गोंदाचा पिवळा ओघळ होता. एवढं डोळ्यांनी दिसत असून मी स्वतःलाच समजावलं की 'नैसर्गिक' बूट असेच असणार.

आता ड्रॉपबद्दल. नेहमीच्या बुटांत टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. झिरो ड्रॉप म्हणजे दोन्ही एका पातळीत. तसे बूट वाईट नसतात, काही जण वर्षानुवर्षं त्यांत पळतात. पण टाच खाली आली की पोटरी, टाचेमागची शीर आणि चवड्याची हाडं यांच्यावरचा भार वाढतो. तो पेलायची सवय त्यांना महिनोन् महिने थोडी थोडी लावावी लागते. 2013 साली छापून आलेल्या एका अभ्यासात अगदी पातळ सोलच्या बुटांकडे वळलेल्या रनर्सच्या पावलांचे दहा आठवड्यांनी एमआरआय काढले, तेव्हा नेहमीच्या बुटांत पळणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त जणांच्या हाडांत सूज दिसली. मला पहिल्याच दिवशी 8 किलोमीटर लिहून दिले होते.

प्लॅनमध्ये आठवड्याचं पळणं पाच आठवड्यांत 40 वरून 70 किलोमीटरवर नेलं होतं. आठवड्यातून दोनदा इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत तुकड्यातुकड्यांनी जोरात पळणं, एकदा टेम्पो, म्हणजे बराच वेळ एकाच जोरकस वेगाने पळणं, रविवारी लाँग रन. सोपं, गप्पा मारत पळायचं असं जवळजवळ काहीच नाही. विश्रांतीच्या दिवशी 'अॅक्टिव्ह रिकव्हरी 6 किमी'. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दगड झाल्या. कोचला कळवलं.

"शरीर जुळवून घेतंय. गुड साइन."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझी खरी फसवणूक या वाक्याने केली, बूट आणि इनसोल त्यामानाने किरकोळ. यापुढे मी जे जे कळवलं त्याला हेच उत्तर येत गेलं. पोटरी दुखते? जुळवून घेतंय. झोप लागत नाही? जुळवून घेतंय. विश्रांतीची नाडी वाढली आहे? इंजिन बदलतंय, मॅडम. दुखणं कमी झालं तर प्लॅनचा गुण आणि वाढलं तरी प्लॅनचाच गुण. मी चूक ठरवू शकेन असं त्या माणसाने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. आणि मला ते आवडत होतं, हे लिहायला लाज वाटते. रोज कोणीतरी आपल्या पायांची विचारपूस करतंय याचं अप्रूप असतं.

पुढे तो वजनाकडे वळला. "तीन किलो कमी करा, पेस आपोआप येईल. रात्रीचं जेवण निम्मं करा." मी केलं. सहाव्या आठवड्यात पाळी चुकली. मी चाळिशीची, म्हटलं वयाचं असेल, तरी विचारलं. उत्तर आलं: "टॉप अॅथलीट्सना येतच नाही. म्हणजे तुम्ही त्या झोनमध्ये आलात."

बायांनो, हा प्रकार साधा नाही. पळण्यात खर्च होतं त्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळीवर काट मारतं, आणि त्याबरोबर हाडांची रोजची डागडुजीही मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढलं आणि तिला 'रेड-एस' हे नाव दिलं. पुरुषांनाही ती होते, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी धोक्याची घंटा नसते. एक घंटा वाजत होती आणि कोचने तिला शाबासकी म्हटलं.

सातव्या आठवड्यात, 24 किलोमीटरच्या लाँग रनमध्ये, डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, एक ठिपका दुखायला लागला. ठिपकाच, बोटाच्या टोकाने दाखवता येईल एवढा. स्नायू दुखतो तेव्हा तो पसरून दुखतो आणि अंग गरम झालं की बऱ्याचदा सैलावतो. हा प्रत्येक पावलागणिक वाढत होता. त्या पायावर एक उडी मारून बघितली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोचचा मेसेज आला: बर्फ लावा, पेनकिलर घ्या, उद्याचा रन चुकवू नका. पेनकिलर घेऊन पळायचा सल्ला किती वाईट आहे यावर वेगळं लिहीन कधीतरी. लांब पळताना मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, एवढं इथे पुरे.

मी त्याचं ऐकलं नाही. उशिरा का होईना, तेवढं एक केलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. क्षणभर मलाच अपराधी वाटलं, उगाच बाऊ केला म्हणून. पण सुरुवातीच्या दिवसांत असलं फ्रॅक्चर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, असं सांगून त्यांनी एमआरआय करायला लावला. दुसऱ्या मेटाटार्सलला, म्हणजे दुसऱ्या बोटामागच्या पावलातल्या लांब हाडाला, स्ट्रेस फ्रॅक्चर, सततच्या भाराने पडलेली बारीक भेग. त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते: बूट बदललेत का, आणि पाळी नियमित आहे का. सहा आठवडे कडक सोलचा बूट, पळणं बंद, शिवाय रक्ताच्या तपासण्या आणि आहारतज्ज्ञ. या हाडाचं दुखणं 1855 मध्ये ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांवरून नोंदवलं होतं. म्हणून आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. अचानक वाढवलेली चाल आणि कडक बूट. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं दुखणं मी पैसे मोजून घरी आणलं होतं.

घरी बसल्यावर हात मोकळे होते, तेव्हा सगळं उलगडायला घेतलं. ज्या मैत्रिणीने त्याच दिवशी तेच पॅकेज घेतलं होतं, तिला इनसोल घेऊन बोलावलं. तिचं पाऊल सपाट, माझी कमान उंच. दोघींचे 'थ्रीडी स्कॅन'चे इनसोल तळाला तळ लावून धरले, तर केसाचाही फरक नाही. खालच्या बाजूला साच्याचा एकच नंबर. प्लॅनही तोच. ती साडेसहा तासांत फुल करते, मी साडेचारचं लक्ष्य धरलं होतं, आणि दोघींना इंटरव्हलचा पेससुद्धा एकच दिला होता. माझ्या प्लॅनच्या फाइलच्या नावात कुणा तिसऱ्याचंच नाव होतं. दोन महिने ती फाइल मी रोज उघडत होते.

पैसे मागितले. आधी गोड उत्तरं आली, मग फॉर्ममधलं ते बारीक अक्षरांतलं वाक्य आलं, 'परिणाम व्यक्तीनुसार भिन्न असू शकतात', आणि शेवटी, "तुमचा माइंडसेटच निगेटिव्ह आहे." त्यानंतर नंबर ब्लॉक. एमआरआयचा रिपोर्ट पाठवला होता, तो उघडलेलाही दिसला नाही.

टाच कशी बरी झाली, असं बऱ्याच जणी विचारतात. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळू वर, हळू खाली, एक दिवसाआड, तीन-चार महिने. बूट मी आता दुकानात दोन-तीन जोड्या घालून, थोडं पळून, ज्यात पाय विसरायला होतो तो घेते. जुने आणि नवे महिनाभर आलटून पालटून वापरते. यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून याचा स्टॉल कुणी लावत नाही.

परवा पुन्हा बिब आणायला गेले होते. हाफचंच, फुलची घाई नाही. तोच स्टॉल होता, माणूसही तोच, इनसोल यंदा हिरवे. मी पुढे गेले आणि म्हटलं, "मी एका पायावर उभी राहते. इनसोल कधी ठेवायचे, कधी काढायचे ते माझी मुलगी ठरवेल. तुम्ही तेवढा वेळ पाठ करून उभे राहा, मग वळून दाबा. दहा वेळा करू."

तो हसला. "मॅडम, हे सायन्स आहे, जादू नाही."

"म्हणूनच तर."

"मागे लोक थांबलेत. जरा बाजूला व्हा."

मागे खरंच रांग होती. पहिल्याच मुलीने एक बूट काढून हातात धरला होता, विशीतली असेल. मी तिला म्हटलं, "दोन मिनिटं इकडे ये. एका पायावर उभी राहा आणि हात बाजूला सरळ धर."