गुडघ्याची गादी आणि फ्रिजमधली सिरिंज

22 वर्षं एसटी चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला आणि शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गादी, म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा, झिजली होती तिथे हाडाला बारीक छिद्रं पाडली. त्यातून मज्जेतलं रक्त येऊन गोठतं, त्यावर नवी चिवट कूर्चा धरते, हे सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. "मूळची येत नाही, ठिगळ बसतं. सहा आठवडे पायावर भार नको," म्हणाले.

ठिगळ हा शब्द मला झोंबला. फसायची तयारी तिथेच झाली म्हणायची.

फिजिओच्या वाटेवरच्या एका क्लिनिकबाहेर बोर्ड होता : 'तुमच्याच रक्तातून गादी परत'. आतली मुलगी फार गोड बोलली. "काका, सर्जन हे सांगणार नाहीत, त्यांना पुढे सांधा बदलायचा असतो." पीआरपीच्या तीन इंजेक्शनांचे 54,000, आजच भरले तर 45,000, तेही रोख. पतसंस्थेतून उचलले.

पीआरपी हा प्रकार खोटा नाही. आपलं रक्त घेऊन यंत्रात गरगर फिरवतात. तळाला लाल पेशी बसतात, वर पिवळं पाणी, मधे सायीसारखा पातळ थर. प्लेटलेट जास्त असलेला भाग सांध्यात सोडतात. पहिल्या वेळी ती नळी मला उजेडात धरून दाखवली आणि मी विरघळलो. त्यात प्लेटलेट किती, हे विचारायचं सुचलंही नाही.

तिसऱ्या वेळी रक्तच घेतलं नाही. "मागचं ठेवलंय ना काका." फ्रिज उघडला तर कुणाचा तरी जेवणाचा डबा, दह्याची वाटी आणि शेजारी सिरिंज. तिच्यावर ना नाव, ना तारीख. आणि मी, रोज चाळीस-पन्नास माणसांचा जीव सांभाळणारा, मुकाट पाय पुढे केला. ते माझंच होतं की दुसऱ्या कुणाचं, देव जाणे. पुढे एचआयव्ही आणि काविळीची तपासणी करून घेतली. रिपोर्ट येईपर्यंत घरात बोललो नाही. नशिबानं सगळं ठीक निघालं.

दुखणं तीन आठवडे कमी वाटलं, हे कबूल करतो. पण 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या 288 जणांवरचा अभ्यास छापून आलाय. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना गुडघ्यात नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. वर्षाने दोन्हीकडचं दुखणं जवळजवळ सारखंच उतरलं होतं आणि कूर्चेच्या झिजेतही म्हणण्यासारखा फरक नव्हता. ती माणसं गुडघ्याच्या झिजेची होती, माझ्यासारखी ऑपरेशनवाली नव्हेत. तरी 'गादी परत' हे त्यातून निघत नाही. माझा नवा एमआरआय बघून सर्जन एवढंच म्हणाले, "ठिगळ बरं धरलंय. ते छिद्रांचं काम आहे, आणि तुम्ही कुबड्या वापरल्यात त्याचं."

पावती मागितली तेव्हा हातात पडली ती 'फिजिओथेरपी, 15 सिटिंग'ची. मेडिक्लेमवाल्यांनी ती परत केली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचंय, त्याला दोन वर्षांची मुदत असते. वकिलांनी पहिला प्रश्न केला, पीआरपी लिहिलेला एक तरी कागद आहे का? अपॉइंटमेंटचं कार्ड निघालं. तीन तारखा, प्रत्येकीपुढे पेनाने 'पीआरपी', खाली त्या मुलीची सही. मी ते कधीच फेकलं असतं. बायकोने दुधाच्या हिशोबाच्या वहीत खूण म्हणून घातलं होतं.