घरी करायचं कॅलप्रोटेक्टिन किट: घ्या, पण कोलोनोस्कोपी टाळू नका

क्रोन्ससाठी, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या जुनाट आजारासाठी, लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला की सुटलो असं वाटतं. पण आजार बहुधा आतडं जोडलेल्या जागी किंवा तिच्या जरा वर पुन्हा डोकं काढतो, तेही पोट दुखायच्या कितीतरी आधी. म्हणून शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यात सूज असली की वाढणारं प्रथिन, मोजणारं हे किट घेतलं.

कागदी जाळी कमोडवर चिकटते छान. खरी कसरत पुढे: काडीच्या खोबणीत मावेल तेवढंच शौच घ्यायचं, वरचं पुसून काढायचं, नळीत घालून हलवायचं. मग पट्टीवर थेंब आणि मोबाइलने फोटो. मंद उजेडात ॲप सरळ हात वर करतं. माहितीपत्रकातली अक्षरं तर मुंग्यांएवढी!

आकडा वाढला म्हणून लगेच घाबरू नका. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही तो चढतो, हे पत्रकात ठळक हवं होतं. आणि आकडा कमी आला तरी शस्त्रक्रियेनंतर 6 ते 12 महिन्यांत कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याची तपासणी, करावीच लागते. तिथे आजार किती परतला ते बघून आय0 (काहीच नाही) ते आय4 (सर्वांत जास्त) अशी रुटगीर्ट्स श्रेणी देतात; आय2 पासून पुढे डॉक्टर औषध वाढवायचं बघतात. सिगारेट ओढणाऱ्यांनी किटआधी ती सोडावी, आजार परतण्याचा धोका तिने वाढतो.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा अक्षरांनी खाल्ला.