स्प्रिंगर एअर रायफलसाठी वन-पीस स्कोप माउंट (११ एमएम, मीडियम): घ्या, पण आधी रेल मोजा

माझ्याकडे ब्रेक बॅरल (नळी मोडून स्प्रिंग चढवायची) एअर रायफल आहे, म्हणजेच स्प्रिंगर, .१७७ (४.५ एमएम छऱ्याची), वर ३-९x४० चा स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० एमएम भिंगाची दुर्बीण). हा माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणारा तुकडा, एक अख्खा पावसाळा वापरलाय, तोही ठाण्यात खाडीकडच्या बिल्डिंगमधे, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

रायफलच्या कॉम्बोमधे जे दोन सुटे रिंग येतात ना, ते स्प्रिंगरवाल्यांनी सरळ ड्रॉवरमधे टाकावेत असं माझं मत झालंय. कारण स्प्रिंगरचा झटका दोन्ही बाजूंनी असतो, पिस्टन सुटला की रायफल मागे येते आणि तोच पिस्टन पुढे दाबलेल्या हवेवर जाऊन अडला की रायफल परत पुढे फेकली जाते, पापणी लवायच्या आत सगळं. रायफल पुढे आणि स्कोप आहे तिथेच राहायला बघणार, म्हणजे माउंट रेलवरून (रायफलच्या वरची खाचांची पट्टी) हळूहळू मागे सरकत जातो. माझ्या रेलच्या काळ्या पॉलिशवर जुन्या रिंगच्या पुढे बारीक चकचकीत रेघ उठली होती, नखाने लागायची, तेव्हा कळलं की रोज झीरो (स्कोपमधला नेम आणि छरा लागतो ती जागा जुळवलेली) का हलतोय. लोक स्कोपला शिव्या घालतात. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) स्कोपचा एक क्लिक १० मीटरला पाऊण मिलीमीटरसुद्धा नसतो, आणि इथे ग्रुपच्या ग्रुप (कागदावरचा छऱ्यांच्या भोकांचा पुंजका) खाली चाललाय, मग क्लिक फिरवून काय होणार? स्क्रू अजून आवळले तर स्कोपच्या ट्यूबवर वळ पडतात, सरकायचं ते सरकतंच.

ह्या माउंटमधे खाली स्टॉप पिन आहे, ती रायफलच्या रेलवरच्या भोकात बसते, मग माउंट जाणार कुठे. हीच खरी गोष्ट ज्यासाठी पैसे द्यायचे. फक्त पिनचा स्क्रू वरून आहे, दोन रिंगांच्या मधे, स्कोप चढवल्यावर तिथे ॲलन की जातच नाही, तेव्हा आधी पिन मग स्कोप. आणि तुमच्या रायफलला ते भोक आहे का ते बघूनच ऑर्डर करा, काहींना नसतं.

दुसरं रेल. एअरगनचा डव्हटेल (माउंट पकडणारी ही तिरक्या खाचांची रेल) म्हणजे ११ एमएम म्हणतात पण प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त निघतं, कॅलिपर लावून बघा. पिकाटिनी आणि विव्हर ह्या दुसऱ्या, रुंद रेलच्या जातींचे माउंट साधारण २१ एमएमचे, ते ह्यावर बसत नाहीत, फोटोत सगळे सारखेच दिसतात म्हणून फसायला होतं. उंची मीडियम घेतली, ४० च्या लेन्सला बरोबर. हाय घेतला तर गाल स्टॉकवरून उचलावा लागतो आणि मग डोळा दर वेळी वेगळ्या जागी.

रेटिकल (स्कोपमधली उभी-आडवी नेमाची रेघ) सरळ करायला मी बाल्कनीच्या ग्रिलला ओळंबा बांधला, उभी रेघ दोरीवर आणली आणि मग रिंगचे चारही स्क्रू थोडे थोडे, तिरप्या क्रमाने एकाआड एक आवळले. शेजारचे काका विचारत होते भिंत बांधतोस का.

माझा मावसभाऊ मिशिगनला असतो, तो ऑफिसच्या मित्रांबरोबर मझलोडर (बंदुकीची दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) घेऊन हरणाच्या शिकारीला जातो, त्याला म्हटलं तूही हाच घे तर तो हसला. मझलोडरचा झटका एकाच बाजूने पण जोरदार, म्हणून त्याचे बेस (माउंटचा खालचा भाग) रिसीव्हरला, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्याला, स्क्रूने बसवलेले, आणि डोळ्यापासून स्कोप लांब हवा नाहीतर भुवई फुटते. वर दारूची काजळी, ती गंजवते, त्यामुळे साफ करायला स्कोप पटकन काढता येईल असे रिंग तो बघतो. कोलोरॅडोत तर म्हणे मझलोडर सीझनला स्कोप चालतच नाही. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद, त्यामुळे आपण कागदावरच भोकं पाडायची. कबुतरांवर, पाखरांवर नेम धरणाऱ्यांनी हा रिव्ह्यू वाचू नये.

आणि मुलाला १० मीटरच्या क्लासला घातलं असेल तर स्कोप, माउंट काहीच घेऊ नका, मॅचमधे स्कोप चालत नाही, बहुधा पीप साइट (बारीक भोकातून बघून नेम धरायची साइट) लागते.

आता तक्रार. स्क्रू भिकार आहेत. जुलैत तांबेरा धरला, आणि बरोबर दिलेली ॲलन की इतकी मऊ की तिचेच कोपरे गोल झाले. जांभळी नाक्याला हार्डवेअरवाल्याकडून एसएसचे स्क्रू आणि चांगली की आणली, किरकोळ पैशात काम झालं, पण दोन हजारांच्या घरातल्या वस्तूला हे करायला लागू नये. झीरो मात्र तेव्हापासून जागचा हललेला नाही.

चार स्टार, पाचवा स्क्रूंनी खाल्ला. ३० एमएम ट्यूबचा स्कोप असेल तर हा घेऊ नका, रिंग एक इंचाचे आहेत, म्हणजे २५.४, आणि विकणारा तुम्ही विचारल्याशिवाय हे सांगत नाही.