भिगवणची नौकाफेरी आणि हळदी-कुंकू बदक

उजनी जलाशयावरील ही नौकाफेरी बहुतेक पर्यटक रोहित पक्ष्यांसाठी घेतात. मला मात्र ती हळदी-कुंकू बदकामुळे मोलाची वाटली. चोचीचे पिवळे टोक आणि तिच्या मुळाशी असलेले दोन लाल ठिपके यांवरून हे समर्पक नाव मिळालेले, सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचे हे बदक थापट्या किंवा तलवार बदकासारखे हिवाळी पाहुणे नसून येथलेच रहिवासी आहे, आणि पावसाळ्यात पाण्याकाठच्या गवतात घरटे करते. शेपटी वर करून, डोके बुडवून उथळ पाण्यातील वनस्पती टिपणारी जोडी नावाड्याने अचूक दाखवली. छायाचित्रांसाठी नाव फार जवळ नेल्याने ती उडाली, हे मात्र खटकले. पंखांवरचा हिरवा पट्टा तेवढा दिसला.