ओशिवऱ्याचं जुनं सागवानी टेबल: एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

फेब्रुवारीत जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारातून हे लिहायचं टेबल घेतलं. साडेचार फूट लांब, दोन्ही बाजूंना तीन-तीन खण, मधे एक उथळ लांब खण. आता दिवाळी होऊन गेली. घरून काम असल्यामुळे दिवसाचे आठ-नऊ तास मी याच्यासमोर असते, त्यामुळे लिहिण्याइतका वापर झालाय असं समजायला हरकत नाही.

विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, डेढ सौ साल पुराना, अंग्रेज के टाइम का." इंग्रजांच्या काळातलं ते असेलही, पण दीडशे वर्षांचं नक्की नाही. गोलावलेले कोपरे, पायरीपायरीच्या लाकडी मुठी, नक्षीचा मागमूस नाही. मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हाचा, म्हणजे १९३०-४० च्या आसपासचा हा आर्ट डेको थाट. त्याआधीच्या, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या उंची फर्निचरचा तोंडवळाच वेगळा: शिसवी, काळंभोर, पानाफुलांच्या कोरीवकामाने इतकं भरलेलं की धूळ पुसायला ब्रश लागावा. तसलं खरं शिसवी आता रस्त्यावरच्या गोडाऊनमध्ये सहसा सापडत नाही. आपल्या बजेटात येतं ते बहुतेक डेको, नाहीतर साधं चाळीतलं सागवान. मला तेच हवं होतं.

दुकानात वरच्या पॉलिशकडे मी बघितलंच नाही. सगळे खण बाहेर काढून उलटे केले. विकणाऱ्याला ते फारसं आवडलं नाही, पण खरी माहिती तिथेच असते. खणाच्या कोपऱ्यावरचे डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे, हाताने कापलेले असले तर एकासारखा दुसरा नसतो, आणि सुताराने आखलेली बारीक रेघही शेजारी दिसते. यंत्राने कापलेले सगळे एका मापाचे. मग स्क्रू. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात निघाला. तो दीडशे वर्षांच्या वस्तूत दिसला तर निदान तेवढा भाग तरी नंतरचा. माझ्या टेबलाचे मूळ स्क्रू एका सरळ खाचेचे आहेत, दोन ठिकाणी नवे आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे सांधे कशाने चिकटवलेत ते. जुन्या सांध्यात सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला चिकट पदार्थ) सापडतो, तपकिरी आणि ठिसूळ, नखाने कपचा निघतो. पांढरा गोंद दिसला तर तिथे अलीकडे हात लागलाय, कारण फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. डावीकडचा खालचा खण असाच दुरुस्त केलेला निघाला. कुलपावर जाऊ नका. कुलूप बदलणं पाच मिनिटांचं काम, म्हणून त्याच्या भोवती आधीच्या मोठ्या कुलपाची सावली उमटलीय का ते बघायचं.

बाजारात सगळ्यात जास्त फसगत होते ती जुन्या लाकडाच्या नव्या फर्निचरमुळे. गिरगावात, लालबागेत वाडे-चाळी पडतात, त्यांचे वासे आणि तुळया वखारीत जातात, आणि तिथून टेबलं-कपाटं बनून येतात. लाकूड अस्सल बर्मा टीक असतं, खोटं बोलायची गरजच पडत नाही. (मुंबईत इतकं बर्मी सागवान आलं कसं, तर बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये इथेच स्थापन झाली होती.) ओळखायचं ते विनाकारण असलेल्या खुणांवरून: बुजवलेली खिळ्यांची भोकं जिथे खिळ्याचं काही काम नाही, टेबलाच्या पायात रिकामी साल, म्हणजे सांध्यासाठी कोरलेली खाच, जिच्यात बसणारं कुसूच (लाकडाची जीभ) नाही. वाईट नसतं हे फर्निचर. नव्या सागवानापेक्षा ते कितीतरी टिकाऊ असेल. फक्त त्याला जुन्या टेबलाचा भाव देऊ नये.

आता भाव. सांगितले ६५ हजार, घेतलं ३१ ला. टेम्पो आणि हमालीचे साडेतीन, सुतार आणि पॉलिशचे नऊ. त्याच मापाचं नवं भरीव सागवानी टेबल करून घ्यायचं तर आमच्या सुताराचा अंदाज याहून बराच वर गेला होता. माझा हिशेब एवढाच होता की दुरुस्तीसकट किंमत नव्याच्या खाली राहिली पाहिजे. वयाचे वेगळे पैसे मी मोजणार नव्हते. सॅफ्रनार्टसारख्या लिलावगृहांचे निकाल ऑनलाइन बघता येतात, तेही बघितले. पण तिथले आकडे निवडक, उत्तम अवस्थेतल्या वस्तूंचे असतात, आणि त्यात लिलावगृहाचं कमिशनही मिसळलेलं असतं. ते आकडे तोंडावर फेकणाऱ्या दुकानदाराला हसून नमस्कार करावा. एखाद्या तुकड्यावर कामदार किंवा विम्ब्रिज अशा जुन्या मुंबईकर फर्निचर कंपनीच्या नावाची पट्टी असेल तर गोष्ट वेगळी, पण पट्टीचे स्क्रू आधी बघा.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात उजवीकडचे दोन खण घट्ट झाले. मी रंध्याचं नाव काढल्यावर सुतारकाका जवळजवळ ओरडले, "ताई, पावसात रंधा मारायचा नाही हो! दिवाळीनंतर खुळखुळा होईल त्याचा." मेणबत्ती घासायला सांगितली, खणाच्या खालच्या कडेला आणि आतल्या पट्टीला. घासली, आणि खण चालू लागले. दिवाळीनंतर ते आपोआप सैल झालेत. पांढऱ्या गोंदाने दुरुस्त केलेला डावीकडचा खण मात्र तिरका झाला. सांधा सरसाचा असता तर गरम पाण्याने सोडवून पुन्हा बसवता आला असता. गोंदाचा सोडवताना लाकडाच्या कपच्या निघाल्या.

वरच्या फळीचंही तेच. जुन्या कारागिराने ती खालून लाकडी बटणांनी धरलीय. बटणं खाचेत सरकतात, त्यामुळे पावसात फळी फुगली तरी तिला जायला जागा मिळते. मागच्या कडेला आता केसाएवढी फट आहे, जुलैत ती नव्हती. आणि डाव्या टोकाला कोणीतरी मधल्या काळात दोन नवे स्क्रू थेट फळीत ठोकलेत. चीर पडलीय ती बरोबर तिथेच. पावसात मिटते, थंडीत उघडते. खणाच्या पाठीमागची पॅनलंसुद्धा खाचेत नुसती बसवलेली आहेत, चिकटवलेली नाहीत, म्हणून एकालाही तडा नाही. दुकानात मी या गोष्टी वय ठरवायला बघत होते, पण आता वाटतं की वय शंभर असो की ऐंशी, बघायच्या याच. ज्या खुणांवरून काळ कळतो, त्यांच्याच जोरावर टेबल मुंबईचा पावसाळा काढतं.

खणांच्या दर्शनी बाजूवर व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा आहे. जुलैच्या शेवटी एका कोपऱ्याला ते उचललं गेलं. ही डेको फर्निचरची दुखरी जागा, दमट हवेत सरस मऊ होतो. पण इलाजही सोपा: कापड ठेवून कोमट इस्त्री, थोडा नवा सरस, वर वजन. तेव्हापासून जागचं हललेलं नाही.

पॉलिशबद्दल. दुकानदार मेलामाइन (कृत्रिम, टणक पॉलिश) मारून चकचकीत करून द्यायला तयार होता, मी नको म्हटलं. चपडीचं, म्हणजे लाखेचं स्पिरिट पॉलिश करून घेतलं. दिसायला फार सुंदर, वापरायला नाजूक. गरम चहाच्या कपाने पांढरं वर्तुळ उमटतं. सॅनिटायझर तर या पॉलिशचा शत्रू आहे, कारण लाख अल्कोहोलमध्येच विरघळते. एका थेंबाने डाग पाडला. मात्र हेच उलटंही चालतं: कापडावर किंचित स्पिरिट घेऊन हलक्या हाताने फिरवलं की वर्तुळ जातं, घरच्या घरी. घरात लहान मुलं असतील आणि टेबलावर जेवणही होणार असेल तर माझं ऐकू नका, मेलामाइनच घ्या.

रोजच्या वापरातल्या बारीक तक्रारी: उंची तीस इंच, लॅपटॉपसाठी जरा जास्त, खुर्ची वर करून पाय टेकायला पाट घ्यावा लागला. वायरींसाठी भोक नाही आणि मी पाडणारही नाही. मधल्या खणामुळे मांडीला जागा कमी. वजन एवढं की लादी पुसताना ते हलवायचं नाव नको. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलंय, त्यामुळे मागे बुरशी आली नाही. खालच्या खणात मात्र ऑगस्टभर कुबट वास होता.

याच काळात शोभेच्या वस्तू बघायला चोरबाजारात मटण स्ट्रीटवरही फिरले. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि सकाळी रस्त्यावर पथाऱ्या लागतात, गंमत त्यात जास्त. पितळी होकायंत्र, दुर्बिणी, मोठ्या कर्ण्याचे ग्रामोफोन हे जवळजवळ सगळं नवं. लंडनचं नाव आणि जुनं साल कोरलेली पितळी उपकरणं रुरकीला ढिगाने बनतात. शोभेला म्हणून जरूर घ्या. खिशात लोहचुंबक ठेवा, पितळेला तो चिकटत नाही, पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. हस्तिदंताच्या मुठी किंवा जडावकाम दिसलं तर हात लावू नका, त्याचा व्यापारच बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या भावासाठी काही घेणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. माझं टेबल त्या वयाचं नाही, तो प्रश्नच आला नाही.

नजर तयार करायची असेल तर बाजाराआधी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन या. वस्तूंबरोबर त्या ज्या जुन्या लाकडी शोकेसमध्ये मांडल्यात त्याही बघा, सांधे कसे आहेत, कडा कुठे झिजल्यात. तिकीट परवडणारं आहे.

घेण्याआधी दोन गोष्टी मात्र हमखास करा. लिफ्टचं आणि दाराचं माप टेप घेऊन मोजा. आमच्याकडे टेबल जिन्यानेच चढवावं लागलं आणि हमालीचा भाव खाली उभं राहून पुन्हा ठरला. आणि खण काढल्यावर आतल्या कडांना, विशेषतः लाकडाच्या पांढुरक्या भागाला, टाचणीएवढी भोकं दिसली तर खाली पांढरा कागद पसरून टेबल ठोकून बघा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, ते टेबल कितीही आवडलं तरी तिथेच सोडा. भोकं कोरडी आणि काळपट असतील तर बहुधा जुनी गोष्ट आहे, भावात तेवढं कमी करून घ्या.